जुने फिरते घर : खरेदी आणि वाहतूक

फोक्सवॅगनच्या पहिल्या पिढीतील (१९५०-६७) टाइप २ व्हॅनवर बेतलेली फिरती घरे ब्रिटनमध्ये आजही हौसेने घेतली जातात. तिचे मागील बाजूस असलेले इंजिन पाण्याऐवजी हवेने थंड होते. पंख्याचा पट्टा तुटताच ते तापून निकामी होऊ शकते. जीर्ण इंधननळीतून गळणारे पेट्रोल आगीस कारण ठरते. त्यामुळे बिघडलेले वाहन चालवत नेण्यापेक्षा ट्रेलरवर लादून घरी आणणे श्रेयस्कर.

४० वर्षांहून जुन्या आणि गेल्या ३० वर्षांत रचनेत मोठे बदल न झालेल्या अशा वाहनांना तेथे २०१८ पासून वार्षिक तपासणीतून सूट आहे. मात्र वाहन सुस्थितीत असल्याची जबाबदारी चालकावरच राहते. सूट म्हणजे सुरक्षिततेचा दाखला नव्हे.