सॉक्रेटिसचा विषाचा पेला आणि आपले विचारस्वातंत्र्य



राजाने एखाद्या विचारवंताला ठार मारले, अशा गोष्टी आपण पुष्कळ ऐकल्या आहेत. पण इ.स.पू. ३९९ साली ग्रीस देशातल्या अथेन्स नगरात जे घडले ते वेगळे होते. तिथे राजा नव्हता, लोकशाही होती. नागरिकांनी रीतसर मतदान करून सत्तर वर्षांच्या सॉक्रेटिसला मरणाची शिक्षा दिली. म्हणूनच लोकशाहीत राहणाऱ्या आपण सर्वांनी हा इतिहास नीट समजून घेतला पाहिजे.

सॉक्रेटिस हा पाथरवटाचा मुलगा. आई सुईण. त्याने स्वतः एकही ग्रंथ लिहिला नाही. त्याची माहिती मुख्यतः प्लेटो आणि झेनोफन या त्याच्या शिष्यांच्या लिखाणातून मिळते. बाजारात, चौकात तो लोकांना गाठून विचारी, न्याय म्हणजे काय? शौर्य म्हणजे काय? भलेभले पुढारी दोन-चार प्रश्नांतच गडबडून जात. तरुण पोरांना त्याची गंमत वाटे, आणि ज्यांची फजिती होई ते मनात राग धरून बसत.

त्यात काळही वाईट होता. स्पार्टाबरोबरचे दीर्घ युद्ध अथेन्स इ.स.पू. ४०४ मध्ये हरले. मग 'तीस जुलमी' म्हणून कुप्रसिद्ध असलेल्या मंडळींनी सत्ता बळकावली आणि शेकडो नागरिकांना ठार केले. त्यांचा म्होरक्या क्रिटियास हा एकेकाळी सॉक्रेटिसच्या सोबत वावरलेला. पुढच्या वर्षी लोकशाही परत आली, पण लोकांच्या मनातली भीती आणि संशय काही गेला नाही. खरे पाहता, याच तिसांनी लिऑन नावाच्या माणसाला पकडून आणण्याचा हुकूम दिला, तेव्हा सॉक्रेटिस तो न मानता सरळ घरी निघून गेला होता. पण रागावलेल्या माणसांना हे कोण सांगणार?

मेलेटस, अ‍ॅनिटस आणि लायकन या तिघांनी खटला भरला. आरोप असे की, हा नगराचे देव मानत नाही, नवीन दैवते आणतो आणि तरुणांना बिघडवतो. सुमारे पाचशे नागरिक न्याय द्यायला बसले. तीस मते इकडची तिकडे झाली असती तर सॉक्रेटिस सुटला असता, असे प्लेटोच्या लिखाणातून कळते. प्रश्न विचारणे सोडून देण्याच्या अटीवर सुटका मिळाली तरी ती नको, हे त्याने भर न्यायसभेत सांगितले. नगराने मला सरकारी खर्चाने जेवू घालावे, असेही तो म्हणाला! शेवटी मित्रांच्या जामिनावर दंड भरायची तयारी त्याने दाखवली, पण बहुमत मरणाच्याच बाजूने पडले.

डेलॉस बेटावर यात्रेला गेलेले पवित्र जहाज परतेपर्यंत कोणाला देहदंड देत नसत. म्हणून सॉक्रेटिस महिनाभर तुरुंगात राहिला. क्रिटो या मित्राने त्याला पळवून नेण्याची सगळी सोय केली होती. पण जन्मभर ज्या कायद्यांच्या आधाराने जगलो, ते आपल्यावर उलटले म्हणून मोडायचे हे त्याला पटेना. मग हेमलॉक या विषारी वनस्पतीचा पेला तो शांतपणे प्याला.

मोकळेपणाने बोलण्याचा अथेन्सला मोठा अभिमान होता. पण बहुमतापासून एकट्या माणसाला वाचवणारा मूलभूत हक्क तिथे नव्हता. आपल्या संविधानाने कलम १९ मध्ये भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य दिले, आणि मूलभूत हक्कावर गदा आली तर थेट सर्वोच्च न्यायालयात दाद मागण्यासाठी कलम ३२ दिले. या संविधानाचे शिल्पकार असलेल्या बाबासाहेबांनी तोंड दाबले जाणे म्हणजे काय, हे स्वतः भोगले होते. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना अध्यक्ष म्हणून बोलावले, पण भाषणातला मजकूर खटकला म्हणून परिषदच रद्द केली. बाबासाहेबांनी मजकूर बदलला नाही. स्वतःच्या खर्चाने भाषण छापून ते लोकांपुढे ठेवले.

आपल्या परंपरेत याचा एक सुंदर दाखला आहे, तोही एका ग्रीक राजाचा. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात मिलिंद राजा भन्ते नागसेनांना चर्चेला बोलावतो. नागसेन आधीच अट घालतात. चर्चा पंडितांच्या रीतीने होणार असेल तर करू, राजाच्या रीतीने असेल तर नाही. कारण पंडिताची चूक दाखवली तर तो रागावत नाही. राजाला विरोध केला तर तो शिक्षा फर्मावतो. मिलिंदाने अट मान्य केली. त्याच्या प्रश्नांना धम्मात मानाचे स्थान मिळाले.

आता आपण आपल्याकडे पाहू. विहाराच्या मीटिंगमध्ये एखादा पोरगा उठून हिशेब विचारतो, एखादी सून रूढीबद्दल शंका काढते, तेव्हा आपण काय करतो? 'तू गप बस, तुला काय कळतंय' म्हणतो, की ऐकून घेतो? अथेन्सच्या लोकांनीही विषाचा पेला एका दिवसात तयार केला नव्हता. प्रश्न विचारणाऱ्याचा राग धरायची सवय त्यांना आधीच लागली होती. ती सवय आपल्या विहाराच्या उंबऱ्याच्या आत येऊ देऊ नये, एवढेच या वर्धापनदिनी आम्हाला सांगायचे आहे.

जय भीम!