खवल्यांत उमटते नदीचे प्रदूषण

डोंबिवली, प्रतिनिधी – मासळीबाजारात कचरा म्हणून फेकले जाणारे खवले नदीतील जड धातूंचा माग काढण्यास उपयोगी पडतात. डोंबिवलीकरांनी २०१४ साली हिरवा पाऊस आणि २०२० साली गुलाबी रस्ता पाहिला. रंग डोळ्यांना दिसतो. पाण्यात विरघळलेले शिसे, कॅडमियम वा पारा दिसत नाही.

राजमाचीच्या डोंगरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, बदलापूरमार्गे कल्याणला येते आणि पुढे तिची खाडी होते. मोहने-मोहिली परिसरात तिचे पाणी पिण्यासाठी उचलले जाते, तर डोंबिवली औद्योगिक वसाहतीचे सांडपाणी अखेर खाडीला मिळते. रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेले, तर पाण्याच्या नमुन्यात त्याचा मागमूस राहत नाही. त्या पाण्यात वाढलेल्या माशाच्या शरीरात मात्र धातू साठत जातात.

खवला कोलॅजेन हे प्रथिन आणि कॅल्शियम फॉस्फेट यांचा बनलेला असतो. शिसे, जस्त यांसारखे धातू त्यात कॅल्शियमची जागा घेतात. माशाबरोबर खवलाही वाढतो व त्यावर वलये उमटतात. जर्मनीतील हॉफबाउर यांनी १८९८ साली कार्प माशाचे वय याच वलयांवरून सांगितले होते. रोहू, कटला व मृगळ हे त्याच कुळातील मासे होत.

तपासणीसाठी काही खवले काढून मासा पुन्हा पाण्यात सोडता येतो. खवले स्वच्छ धुऊन वाळवतात, नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि अणुशोषण वर्णपटमापीने धातूंचे प्रमाण मोजतात. धुण्यात कुचराई झाल्यास वर चिकटलेला धातूही मोजला जातो आणि निष्कर्ष फसतो. गळून पुन्हा उगवलेल्या खवल्यात आधीच्या काळाची नोंद नसते. मांगूरसारख्या बिनखवल्याच्या माशांना तर ही पद्धत लागूच पडत नाही.

खवल्यातील प्रमाण म्हणजे मांसातील प्रमाण नव्हे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. खाद्य माशातील शिशाची आंतरराष्ट्रीय कोडेक्स मर्यादा किलोमागे ०.३ मिलिग्रॅम आहे. त्यामुळे मासा खाण्यास योग्य आहे किंवा नाही, हे मांस तपासूनच ठरते. मात्र नदीच्या वरच्या व खालच्या टप्प्यांतील एकाच जातीच्या, सारख्या वयाच्या माशांचे खवले दरवर्षी तपासल्यास धातूंचे प्रमाण कोठे वाढते, हे कळू शकते. एका दिवसाच्या पाणीनमुन्याला ते साधत नाही.