यीस्टचे निवळणे (बीअरमधील)

आंबवण संपत आली की बीअरमध्ये तरंगणाऱ्या यीस्टपेशी एकमेकींना चिकटून गुठळ्या धरतात, तळाशी बसतात आणि वरची बीअर नितळ होते. या क्रियेला यीस्टचे निवळणे म्हणतात. एल प्रकारच्या बीअरसाठी वापरले जाणारे सॅकॅरोमायसीस सेरेव्हिसी हे यीस्ट साधारण 18 ते 22 अंश सेल्सिअसला उत्तम काम करते. जोमात असताना ते फेसाबरोबर वर येते म्हणून त्याला ‘वरचे यीस्ट’ म्हणतात. पण ते खाली बसतच नाही, असा त्याचा अर्थ मुळीच नव्हे.

एका पेशीचा व्यास 5 ते 10 मायक्रोमीटर असतो. एकटी पेशी अगदी स्थिर बीअरमध्ये तासाला चार-पाच मिलिमीटरच खाली सरकते. फूटभर उंचीच्या भांड्यात तळ गाठायला तिला तीनेक दिवस लागतात, तेही कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे तिला पुन्हा वर ढकलत नसतील तर. स्टोक्सच्या नियमाप्रमाणे बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गुठळी पोकळ असल्याने प्रत्यक्षातली वाढ हिशेबापेक्षा कमी भरते, तरी हजारो पेशींचा पुंजका एकट्या पेशीच्या कितीतरी आधी तळाला पोचतो. त्यामुळे बीअर नितळ होणार की नाही हे मुख्यतः गुठळ्या धरण्यावर ठरते.

गुठळी धरण्याची क्षमता यीस्टच्या ‘एफएलओ’ जनुकांत असते. त्यांच्यापासून बनणारी प्रथिने पेशीच्या भिंतीवर उगवतात आणि शेजारच्या पेशीवरील मॅनोज साखरेच्या साखळ्या पकडतात. या पकडीसाठी कॅल्शियम लागते. ते काढून घेतले की जमलेल्या गुठळ्या सुटतात. बीअरसाठीच्या यीस्टच्या बहुतेक वाणांत माल्टोज आणि ग्लुकोज ही पकड रोखून धरतात, म्हणून साखर संपेपर्यंत यीस्ट तरंगत राहते आणि आपले काम पुरे करते. वाण घाईने बसला, तर साखर शिल्लक राहते आणि लोण्यासारखा वास देणारे डायॲसिटिलही तसेच राहते. म्हणून थंड करण्याआधी हायड्रोमीटरचे माप दोन-तीन दिवस एकच येते का, हे पाहणे सक्तीचे मानावे.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत हेच यीस्ट रोज टनावारी काम करते, मात्र बीअरसाठी नव्हे. साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांत ते मोलॅसिसवर पोसले जाते. तिथे वॉशचे, म्हणजे आंबणाऱ्या मोलॅसिसच्या द्रावणाचे, तापमान तीस अंशांच्या वर असते आणि नितळपणाची पर्वा कोणालाच नसते. प्रश्न असतो तो तळाच्या गाळाचा. यीस्ट आणि मोलॅसिसमधले कॅल्शियमचे क्षार मिळून जड गाळ होतो. तो ऊर्ध्वपातनाच्या स्तंभात गेला, तर आतल्या ताटल्यांवर थर चढतो, म्हणून तो आधीच वेगळा काढतात. पाटस–बारामती रस्त्यावर, जिथल्या घाटातून तुकोबांची पालखी जाते त्या रोटी गावी वायनरी उभी राहिली. वाइनमध्ये यीस्ट बसवून वरची वाइन काढून घेणे हे नेहमीचेच काम. तिथे प्रथिने काढून टाकण्यासाठी बेंटोनाइट माती वापरण्याची रीत आहे.

घरी बीअर करणे मात्र महाराष्ट्रात कायद्याला धरून नाही. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे परवान्याशिवाय मद्यनिर्मिती हा गुन्हा आहे. हौसेने घरी एल करणारी मराठी मंडळी त्यामुळे परदेशात भेटतात. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने घरगुती बीअरला केंद्रीय पातळीवर मोकळीक मिळाली. पुण्यात 2009 मध्ये डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून हा विषय इथे मायक्रोब्रुअरीच्या टाक्यांत आला.

परवाना घेऊन बीअर करायची म्हणून बारामती-इंदापूरचे हवापाणी निवळण्याच्या दृष्टीने तपासले, तर कॅल्शियमची वाण सहसा पडत नाही. वाण पडते थंडीची. कालव्याखालच्या काळ्या जमिनीतले विहिरी-बोअरचे पाणी बहुधा क्षारयुक्त असते. निवळण्यासाठी लिटरमागे 50 मिलिग्रॅम कॅल्शियम पुरते असे मानतात. उलट आरओचे किंवा जारचे पाणी वापरले, की हाच घटक गाळला जातो. माल्टमधून थोडा येतो, पण जिप्सम किंवा कॅल्शियम क्लोराइड घालणे बरे. थंडीचे तसे नाही. कोरड्या उन्हाळ्यात ओले गोणपाट आणि पंखा यांनी भांड्याचे तापमान काही अंश उतरते. निवळण्यासाठी लागणारे 1 ते 4 अंश मात्र फ्रीजखेरीज मिळत नाहीत. तेवढ्या थंडीत एक-दोन दिवस ठेवले, की बरेचसे यीस्ट बसते. थंड होताना भांड्यातला वायू आकसतो आणि एअरलॉकमधून बाहेरची हवा आत ओढली जाते. बीअर शिळी पडण्याचे हे कारण नवशिक्यांच्या सहसा ध्यानात येत नाही.

निवळवणाऱ्या पदार्थांत जिलेटिन आणि आयझिंग्लास हे जुने. दोन्ही कोलॅजनचेच, धन विद्युतभाराचे. यीस्टपेशीवर ऋण भार असल्याने ती त्यांना चिकटते. आयझिंग्लास माशाच्या वाताशयापासून बनते. आपल्या किनाऱ्यावरच्या घोळ माशाच्या वाताशयाला, म्हणजे कोळ्यांच्या ‘बोत’ला, भारी भाव मिळतो तो मात्र मुख्यतः चीन आणि आग्नेय आशियात खाण्यासाठी व औषधासाठी असलेल्या मागणीमुळे. पण आयझिंग्लास उन्हाळी खोलीच्या तापमानाला खराब होते. बारामतीच्या मे महिन्यात ते घेणे म्हणजे पैसे पाण्यात. जिलेटिन 65 ते 70 अंशांच्या पाण्यात विरघळवून, न उकळता, आधीच थंड केलेल्या बीअरमध्ये घालतात. वीस लिटरला अर्धा ते एक चमचा पुरतो. शाकाहारी ग्राहकासाठी हे दोन्ही बाद. सिलिका सोल चालते. गिनेसनेही 2015 मध्ये आयझिंग्लास सोडण्याचे जाहीर केले.

प्रत्येक गढूळपणा यीस्टचा नसतो. थंड बीअर धूसर आणि कोमट झाल्यावर नितळ दिसली, तर दोष प्रथिने आणि टॅनिन यांच्या जोडीचा. त्यावर जिलेटिनचा थोडा उपयोग होतो, पण खरा इलाज वर्ट, म्हणजे आंबवण्याआधीचा माल्टचा अर्क, उकळतानाच, शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस घालण्याचा. हेफेवायझेन ही गव्हाची बीअर तर यीस्टसकटच पितात.

उष्ण प्रदेशात पदार्थ घालण्यापेक्षा वाण निवडणे शहाणपणाचे. एस-04 हे एलचे यीस्ट लवकर आणि घट्ट बसते. नॉर्वेतील व्हॉस गावचे क्विक यीस्ट 35 ते 40 अंशांत आंबवूनही नीट गुठळ्या धरते. बसलेला गाळ पुढच्या खेपेला वापरायचा असेल, तर मधला थर घ्यावा: तळाचा थर सर्वांत आधी बसलेल्या पेशींचा असतो, तोच पुन्हापुन्हा घेतला तर पुढच्या खेपांत यीस्ट साखर संपण्याआधीच बसू लागते.