भुताच्या गेममध्ये पहाटेपर्यंत टिकायचंय? वीज वाचवा, कान उघडे ठेवा. जाणून घ्या सविस्तर

मोबाईलवर, ब्राउझरवर रात्र काढण्याचे जे भीतीदायक गेम पोरं खेळतात, त्यातले बरेचसे एकाच गेमच्या वळणावर गेलेले आहेत. तो म्हणजे 'फाईव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज'. अमेरिकेतील स्कॉट कॉथन यांनी तो ऑगस्ट २०१४ मध्ये आणला. त्यांच्या आधीच्या गेममधली पात्रं यंत्राच्या बाहुल्यांसारखी भेसूर दिसतात, अशी टीका झाली होती. मग त्यांनी मुद्दाम तशाच बाहुल्यांचा गेम बनवला आणि तो जगभर गाजला.

गेम काय आहे?

खेळणारा पिझ्झाच्या दुकानात रात्रपाळीचा वॉचमन असतो. ड्युटी रात्री १२ ते पहाटे ६. कॉम्प्युटरवर ही रात्र सुमारे साडेआठ-नऊ मिनिटांत सरते. हातात बंदूक नाही, पळायची सोय नाही. फक्त कॅमेरे, दोन दारं, दारांजवळचे दिवे आणि १०० टक्के वीज.

विजेचा हिशोब

काहीच चालू नसलं तरी वीज थोडी थोडी जातच असते. कॅमेरा उघडला, दिवा लावला किंवा दार बंद ठेवलं की खर्च वाढतो. दर ५ सेकंदाला १ टक्का गेला, तर ५०० सेकंदांत, म्हणजे ८ मिनिटं २० सेकंदांत सगळी वीज खलास. पहाट अगदी तोंडावर आलेली असते आणि अंधार होतो. वीज गेली की दारं आपोआप उघडतात आणि फ्रेडी येतो. तेवढ्यात ६ वाजले तरच सुटका. म्हणून अंथरूण पाहून पाय पसरावेत. भीतीपोटी दोन्ही दारं लावून बसणारा बहुधा पहाट बघत नाही.

कोण कुठून येतं?

• बॉनी (ससा): डाव्या दाराने येतो. दिवा लावला की दिसतो. दिसला की दार लावा. थोड्या वेळाने पुन्हा दिवा लावून बघा, गेला असेल तर लगेच दार उघडा.

• चिका (कोंबडी): उजव्या बाजूने येते. स्वयंपाकघरातल्या कॅमेऱ्याला चित्र नाही, फक्त आवाज येतो. तिथे भांडी वाजली तर ती बहुतेक तिथेच आहे.

• फॉक्सी (कोल्हा): पडद्यामागे असतो. त्याच्याकडे अधूनमधून बघावं लागतं. लक्ष दिलं नाही तर तो डावीकडून धावत सुटतो. पडदा उघडा आणि जागा रिकामी दिसली की आधी डावं दार लावा. तो दारावर धडका मारतो, त्यातही वीज जाते.

• फ्रेडी (अस्वल): पहिल्या दोन रात्री वीज असेपर्यंत सहसा हलत नाही. पुढे उजवीकडून अंधारातून सरकतो. दाराच्या दिव्यात दिसत नाही, कॅमेऱ्यातच शोधावा लागतो. त्याचं हसू ऐकू आलं की तो पुढे सरकला समजा.

क्रम ठरवून घ्या

डावा दिवा, उजवा दिवा, फॉक्सीचा कॅमेरा, फ्रेडीचा कॅमेरा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दिवा क्षणभरच लावा. बाकीचे कॅमेरे उगाच चाळत बसू नका. रात्री पिकाची राखण करणारा माणूसही टॉर्च सतत पेटवून ठेवत नाही, कानोसा घेतो. इथंही तसंच. हेडफोन असेल तर निम्मं काम सोपं होतं.

ब्राउझरवर खेळताना सावधान

मूळ गेम विकत घ्यावा लागतो. ब्राउझरवर फुकट मिळणाऱ्या बऱ्याच आवृत्त्या दुसऱ्यांनी केलेल्या नकला असतात. तिथे 'नोटिफिकेशन चालू करा' असं आलं तर नकार द्या. 'पुढची रात्र खेळण्यासाठी ॲप डाउनलोड करा' म्हणत एपीके फाईल दिली तर ती घेऊ नका. ओटीपी किंवा बँकेची माहिती मागितली तर पान तिथेच बंद करा. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. अचानक अंगावर येणारी चित्रं आणि किंकाळ्या असल्याने लहान मुलांच्या हाती हा गेम देऊ नये.