खांद्याच्या पात्यावरचा छोटा पूल आणि त्याखाली दबणारी नस

खांदा दुखतो, हात वर जात नाही, असं म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं पुढे येतात: ‘फ्रोझन शोल्डर’, नाहीतर ‘मानेचे मणके’. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. पण काही जणांचं दुखणं तिसऱ्याच जागी असतं. ती जागा ओळखायला डॉक्टरांनाही बराच काळ लागला. त्याचा हा इतिहास.

हा पूल कुठे असतो?

शहागडचा गोदावरीवरचा पूल तुम्ही नेहमी पाहता. वरून गाड्या, खालून पाणी. तुमच्या खांद्याच्या पात्याच्या (फऱ्याच्या) वरच्या कडेला अशीच एक खाच असते. खाचेच्या दोन्ही टोकांना जोडणारा चिवट पट्टा, म्हणजे लिगामेंट, हा तिथला पूल. बहुतेकांत रक्तवाहिनी त्याच्या वरून जाते आणि ‘सुप्रास्कॅप्युलर’ नावाची नस (मज्जातंतू) खालून. हात बाजूला उचलणारा आणि बाहेरच्या दिशेला फिरवणारा, अशा दोन स्नायूंना ही नस चालवते.

ओळख कशी पटत गेली?

सुश्रुतसंहितेत ‘अंसफलक’ हे मर्म सांगितलं आहे. तिथे इजा झाली तर हात बधिर होतो किंवा वाळतो, असं त्यात म्हटलं आहे. आजचा आजार तोच, असं म्हणता येणार नाही. पण फऱ्याजवळची इजा आणि वाळणारा हात यांचा संबंध आपल्याकडे फार पूर्वी नोंदला गेला होता.

1959 मध्ये कोपेल आणि थॉम्पसन या अमेरिकन डॉक्टरांनी सांगितलं, की आखडलेल्या खांद्याच्या काही दुखण्यांमागे ही दबलेली नस असू शकते.

1979 मध्ये भारतीय वंशाचे न्यूरोसर्जन सेट्टी रेंगाचारी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 211 पाती तपासून खाचेचे सहा प्रकार ठरवले. कुणाला खाच जवळजवळ नसतेच, कुणाची रुंद, कुणाची अगदी अरुंद. सहाव्या प्रकारात तर पट्ट्याचं पूर्ण हाड होतं आणि खाचेचं भोक बनतं. हात हलताना नस पट्ट्याच्या कडेवर वाकून घासली जाते, हेही त्यांनी दाखवलं.

आपल्या देशातल्या सुट्या हाडांवरही असे अभ्यास झाले. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 350 पात्यांच्या एका अभ्यासात साधारण दहातल्या एका पात्यात असं भोक आढळलं.

2007 मध्ये फ्रान्सच्या लाफोस यांनी दुर्बिणीतून हा पट्टा कापून नस मोकळी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्याआधी त्यासाठी मोठा छेद घ्यावा लागे.

तुमच्यासाठी याचा अर्थ काय?

पट्ट्याचं हाड झालेली माणसं बरीच, पण नस दबून त्रास होणारी थोडीच. म्हणून रिपोर्टमध्ये ‘खाच अरुंद आहे’ एवढंच दिसलं तर घाबरू नका. शरीराच्या ठेवणीतला फरक म्हणजे आजार नव्हे. अरुंद वाटेला सततचा ताण मिळाला की त्रास सुरू होऊ शकतो: खांद्यावर पोती वाहणं, हात सारखे डोक्याच्या वर नेणं. सांध्याजवळ पाण्याची गाठ झाली तरी नस दबते.

पुढील गोष्टी दिसल्या तर नुसत्या गोळ्या आणि मालिशवर महिने घालवू नका:

• खांद्याच्या मागच्या बाजूला खोलवर ठणका
• हात बाजूला उचलायला किंवा बाहेर फिरवायला ताकद कमी पडणं
• एका बाजूच्या फऱ्यावर खड्डा पडल्यासारखं दिसणं

या आजारात बोटांना सहसा मुंग्या येत नाहीत. मुंग्या असतील तर आधी मान तपासावी लागते.

शर्ट काढून दोन्ही फरे डॉक्टरांना मागून दाखवा. गरज वाटल्यास ते नसांची तपासणी (ईएमजी) आणि एमआरआय सांगतील. पुष्कळांना ओझं टाळून आणि व्यायामाने आराम पडतो. गाठ असेल किंवा ताकद घटतच असेल तर ऑपरेशनचा विचार करावा लागतो. फार उशीर झाला, तर नस मोकळी करूनही वाळलेला स्नायू पूर्ण भरून येईलच असं नाही. म्हणून फऱ्यावरचा खड्डा दिसताच दाखवायला या.