कोल्हापूरहून आळंदी-देहूला वारीसाठी जायचंय? तिकीट, वेटिंग आणि ॲप्समागचं गणित समजून घ्या

ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूतून तुकाराम महाराजांची पालखी निघते आणि अष्टमीला आळंदीतून ज्ञानेश्वर माउलींची. प्रस्थान कुणासाठी थांबत नाही, त्यामुळे कोल्हापुरातून निघणाऱ्यांना त्याआधी पुणं गाठावंच लागतं. घरातल्या मोठ्यांनी वारीचं ठरवलं की तिकिटाचं काम बहुतेक वेळा घरातल्या एखाद्या पोराकडे किंवा पोरीकडे येतं. हा लेख त्यांच्यासाठी. कुठलं बटण दाबायचं हे ॲप सांगतंच. आपण बघूया की ते बटण दाबल्यावर सिस्टिममध्ये नेमकं काय होतं.

बुकिंग कधी उघडतं?

१ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचं आरक्षण ६० दिवस आधी उघडतं (त्याआधी १२० दिवस होते). प्रवासाचा दिवस यात धरत नाहीत. उदाहरण घेऊ. २०२५ मध्ये माउलींची पालखी १९ जूनला निघाली. १८ जूनला कोल्हापूर सोडायचं म्हटलं, तर बुकिंग १९ एप्रिलला सकाळी ८ वाजता उघडलं.

गोची अशी की वारी तिथीवर चालते आणि रेल्वेचा सर्व्हर इंग्रजी तारखेवर. आषाढी एकादशी २०२४ मध्ये १७ जुलैला होती, २०२५ मध्ये ६ जुलैला. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे ती २५ जुलैला. म्हणजे मागच्या वर्षीचा रिमाइंडर तसाच ठेवला तर तो चुकणार. नवीन कॅलेंडर हातात आलं की प्रस्थानाची तारीख बघा, एक दिवस मागे या आणि तिथून ६० दिवस मोजा.

दुसरी गोष्ट, १ ऑक्टोबर २०२५ पासून बुकिंग उघडल्यावर सुरुवातीच्या वेळेत फक्त आधार पडताळणी झालेल्या आयआरसीटीसी अकाउंटलाच तिकीट काढता येतं. ही पडताळणी आधीच करून ठेवा. अशा अकाउंटवरून महिन्याला २४ तिकिटं निघतात, नाहीतर १२.

रेल्वे की एसटी?

कोल्हापूर ते पुणे रेल्वेनं साधारण सव्वातीनशे किलोमीटर पडतं, रस्त्यानं २३० च्या आसपास. रेल्वे मिरज-सांगलीचा वळसा घेते, म्हणून हा फरक. रेल्वेत पाय मोकळे करता येतात आणि स्वच्छतागृह असतं. पुढे अडीच आठवडे चालायचं असलेल्या माणसाला याचं महत्त्व आहे.

पण ज्येष्ठांच्या तिकिटाचा हिशोब वेगळा आहे. रेल्वेतली ज्येष्ठ नागरिक सवलत मार्च २०२० पासून बंद आहे. एसटीत ७५ वर्षं पूर्ण झालेल्यांना मोफत प्रवास आहे, ६५ ते ७५ वयोगटाला निम्मं भाडं आहे आणि १७ मार्च २०२३ पासून महिलांनाही निम्मं तिकीट आहे. ऑनलाइन बुक करताना प्रवाशाच्या नावासमोर सवलतीचा योग्य प्रकार निवडायला विसरू नका. तो निवडला नाही तर पूर्ण भाडं कापलं जातं. मोफत प्रवास असला तरी आरक्षणाचा आकार भरावा लागतो, आणि गाडीत कंडक्टर वयाचा पुरावा म्हणून आधार कार्ड बघतो.

वेटिंग १५ म्हणजे नेमकं काय?

रेल्वे एका गाडीतल्या सगळ्या जागा एकाच यादीत ठेवत नाही. त्यांचे कोटे पाडलेले असतात आणि प्रत्येक कोट्याची वेटिंग लिस्ट वेगळी असते. महालक्ष्मी एक्सप्रेस कोल्हापूरहून मुंबईला जाते. तिचं कोल्हापूर ते मुंबई तिकीट बहुतेकदा जनरल वेटिंगमध्ये (जीएनडब्ल्यूएल) जातं. पुण्यातच उतरणाऱ्याचं तिकीट मात्र पूल्ड कोट्याच्या वेटिंगमध्ये (पीक्यूडब्ल्यूएल) जाऊ शकतं. या कोट्यात जागा कमी, म्हणून ही यादी हळू सरकते. त्यामुळे जीएनडब्ल्यूएल १५ आणि पीक्यूडब्ल्यूएल १५ हे दोन्ही १५ सारखे नाहीत. जी गाडी पुण्यातच संपते तिच्यात ही अडचण कमी येते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेली कोल्हापूर-पुणे वंदे भारत अशीच आहे, पण ती आठवड्यातून तीनच दिवस धावते.

चार्ट तयार झाला की हिशोब बंद. जुलै २०२५ पासून पहिला चार्ट गाडी सुटायच्या ८ तास आधी बनवायला सुरुवात झाली, आधी हे अंतर ४ तासांचं होतं. ई-तिकिटावरचे सगळेच प्रवासी वेटिंगवर राहिले तर ते तिकीट आपोआप रद्द होतं आणि पैसे परत येतात. ते घेऊन गाडीत बसता येत नाही. आरएसी मिळालं तर मात्र बसता येतं, निदान बसायची जागा पक्की असते.

चार्ट लवकर बनण्याचा उपयोग करून घ्या. रात्रीच्या गाडीचं भवितव्य दुपारीच कळतं. मध्यवर्ती बसस्थानक रेल्वे स्टेशनपासून जवळच आहे, तेव्हा एसटीचा पर्याय लगेच बघता येतो.

ग्रुपचं बुकिंग: पीएनआर कसे पाडायचे?

एका पीएनआरवर जास्तीत जास्त ६ प्रवासी, तत्काळमध्ये ४. समजा गल्लीतले १४ जण निघालेत. सरळ हिशोबानं ६, ६ आणि २ असे तीन पीएनआर होतात. पण शेवटी उरलेली दोन नावं आजी-आजोबांची असली आणि तेवढाच पीएनआर वेटिंगवर राहिला, तर दिंडीची हौस ज्यांना सगळ्यात जास्त तेच घरी राहणार. म्हणून ज्येष्ठांचं तिकीट सगळ्यात आधी काढा.

त्यासाठी स्वतंत्र कोटाही आहे. ६० वर्षांपुढचे पुरुष आणि ४५ वर्षांपुढच्या महिला यांच्यासाठी लोअर बर्थ राखलेल्या असतात, पण एका तिकिटावर असे एक किंवा दोनच प्रवासी असतील तरच हा कोटा लागू होतो. सहा जणांच्या तिकिटात आजींचं नाव घातलं की तो हक्क जातो. वेगळ्या पीएनआरचा तोटा असा की त्यांचा डबा वेगळा येऊ शकतो. त्यांच्यासोबत कोण बसणार हे आधीच ठरवा.

तत्काळ: शेवटचा उपाय

गाडी तिच्या पहिल्या स्टेशनवरून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी, एसीसाठी सकाळी १० वाजता आणि बिगर-एसीसाठी ११ वाजता तत्काळ उघडतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळसाठी आधार पडताळणी आणि ओटीपी लागतो. इथं अनेकांचा घोळ होतो. हा ओटीपी अकाउंटवाल्याच्या आधारशी जोडलेल्या मोबाइलवर येतो, प्रवाशाच्या नाही. आजोबांचं आधार कुठल्या नंबरला जोडलंय हे आठवत नसलं तरी बिघडत नाही. कन्फर्म तत्काळ तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत.

जनरलचं तिकीट

रेलवन ॲपवरून अनारक्षित तिकीट काढता येतं. ॲप जीपीएसवरून तुमची जागा बघतं आणि रुळांच्या अगदी जवळ असाल तर पेपरलेस तिकीट देत नाही. टीसी दिसल्यावर तिकीट काढायची सोय राहू नये म्हणून हे केलंय. म्हणून प्लॅटफॉर्मवर पोचायच्या आधीच तिकीट काढा. तपासणीला ॲपमधलंच तिकीट दाखवावं लागतं, स्क्रीनशॉट चालत नाही.

पुणे ते आळंदी: मॅपवर किती विश्वास ठेवायचा?

पुण्यातून आळंदी साधारण २०-२५ किलोमीटर. प्रस्थानाच्या दिवसांत पीएमपीएमएल जादा बस सोडते. महालक्ष्मीनं गेलात तर पुण्यात उजाडण्याआधीच उतरता, तेव्हा सिटी बस सुरू होईपर्यंत स्टेशनवर थांबायची तयारी ठेवा.

मॅपवर दिसणारी बसची वेळ दोन प्रकारे येते. एक म्हणजे जीटीएफएस नावाची वेळापत्रकाची फाइल. हा फॉरमॅट २००५ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या ट्रायमेट या परिवहन संस्थेनं गूगलसोबत तयार केला. त्यात थांबे, मार्ग आणि ठरलेल्या वेळा असतात. दुसरी म्हणजे बसमधल्या जीपीएसवरून येणारी लाइव्ह माहिती. पालखीच्या काळात आळंदीभोवतीचे रस्ते वाहनांसाठी बंद होतात आणि बस अलीकडूनच वळतात. फाइल जुनीच असेल तर मॅप तुम्हाला बंद रस्त्यावरच्या थांब्यावर उभं करेल. म्हणून ‘आपली पीएमपीएमएल’ ॲपवर बस प्रत्यक्ष कुठं आहे ते बघा आणि पोलिसांनी जाहीर केलेले वाहतूक बदल आदल्या दिवशी वाचून ठेवा.

आळंदी हुकली तर?

हा फायदा कोल्हापूरकरांना नकाशानंच दिलाय. माउलींची पालखी पुणे, सासवड करत जेजुरी, वाल्हे आणि लोणंदला येते. ही शेवटची तिन्ही गावं पुणे-मिरज रेल्वेमार्गावर आहेत. त्यामुळे पुण्याला न जाता लोणंदला उतरूनही दिंडीत सामील होता येतं. सगळ्याच गाड्या तिथं थांबत नाहीत, वंदे भारत तर नाहीच. तेव्हा बुकिंग करताना थांबा तपासा.

निघण्याआधी एवढं करा

• पीएनआर, डबा आणि सीट नंबर कागदावर लिहून ज्येष्ठांच्या खिशात ठेवा.
• मूळ ओळखपत्र सोबत घ्या. ई-तिकिटावरच्या किमान एका प्रवाशाकडे ते लागतंच.
• गर्दीत टॉवरवर ताण येऊन इंटरनेट आधी बंद पडतं. लोकेशन शेअरिंगवर विसंबू नका, भेटायची जागा तोंडी ठरवा.
• परतीचं बुकिंग जातानाच्या तिकिटासोबत उघडत नाही, कारण एकादशी अडीच आठवड्यांनी येते. त्याचा रिमाइंडर वेगळा लावा.