सांडपाण्यातून वर आलेली पावडर

भोसरी-चाकणच्या पट्ट्यात शिफ्ट सुटली की जिम भरतात, आणि बऱ्याच पोरांच्या बॅगेत शेकर असतो. त्यातल्या पावडरीला सगळे नुसतं 'प्रोटीन' म्हणतात. तिचं नाव व्हे, आणि तिचं कूळ चीजच्या कारखान्यात सापडतं. असा एक कारखाना इथून फार लांब नाही. चाकण, राजगुरुनगर मागे टाकून नाशिककडे निघालं की मंचरला लागतो.

श्रीखंडासाठी चक्का टांगला की फडक्यातून पिवळट-हिरवं पाणी गळतं. घरात आई त्यात कणीक भिजवते. चीज करतानाही असंच होतं. दुधात रेनेट घातलं की ते साकळतं, घट्ट भागाचं चीज होतं आणि बाकीचं पाणी, म्हणजेच व्हे, वेगळं होतं. 10 लिटर दुधातून चीज निघतं जेमतेम 1 किलो. उरलेलं जवळजवळ सगळं हे पाणी. त्यात सुमारे 93 टक्के पाणीच, 5 टक्क्यांच्या आसपास दुधातली साखर आणि प्रथिनं 1 टक्क्याहूनही कमी. हिरवट झाक येते ती रायबोफ्लेविनमुळे.

युरोप-अमेरिकेत हे पाणी डुकरांना पाजत, शेतात सोडत, नाहीतर सरळ ओढ्यात. तिथे जिवाणू त्यातल्या साखरेवर तुटून पडत, पाण्यातला ऑक्सिजन संपे आणि मासे मरत. 1970 च्या दशकात प्रदूषणाचे कायदे कडक झाले, आणि त्याच सुमारास अतिसूक्ष्म छिद्रांचे गाळणपडदे डेअरीत आले. पाणी, साखर, क्षार पडद्यापार जातात. प्रथिनांचे मोठे रेणू अलीकडे अडतात. ते गरम हवेत फवारून वाळवले की पावडर तयार. 80 टक्के प्रथिनांची ती कॉन्सन्ट्रेट, 90 टक्क्यांची आयसोलेट. फेकायला पैसे लागत होते, त्या पाण्याला भाव आला.

आपल्याकडे चीजच कमी खपायचं, त्यामुळे व्हेचे डबे परदेशातून यायचे. पिझ्झाबरोबर चीज वाढलं आणि चित्र बदललं. देवेंद्र शहा यांनी 1992 मध्ये सुरू केलेल्या पराग मिल्क फूड्सने मंचरला आधी चीज केलं, आणि मग 'अवतार' नावाने व्हे पावडर बाजारात आणली.

पावडर वाईट नाही. ती दुधातलीच आहे, पचायला हलकी आहे, आणि वयस्कांना किंवा आजारातून उठलेल्यांना डॉक्टर ती सांगतातही. माझा आक्षेप गरजेच्या हिशोबावर आहे. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ते 60 ग्रॅम प्रथिनं पुरतात. पावडरीचा एक स्कूप 24 ग्रॅमच्या आसपास देतो. दोन अंडी आणि 50 ग्रॅम शेंगदाणेही तेवढीच देतात. मटकीच्या उसळीत तर सोबत तंतूही मिळतात, ते पावडरीत नसतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या आहार मार्गदर्शनात शरीरसौष्ठवासाठी अशी पूरकं टाळा असंच सांगितलं आहे, आणि दीर्घकाळ मोठ्या प्रमाणात घेतल्यास हाडं आणि मूत्रपिंडांना धोका असल्याचं बजावलं आहे.

म्हणून पगारातून डबा घेण्याआधी जेवणाच्या डब्यात काय आहे ते बघा. त्यात नुसती चपाती-बटाटा असेल, तर पहिला खर्च डाळ, उसळ आणि अंड्यांवर करा. आणि मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय पावडरीला हात लावू नका.